आढीपासून दूर ठेवलेला गुच्छ

निवृत्तीच्या दिवशी शिक्षकाला शाल, नारळ आणि गुच्छ मिळतो. शाल पुढच्या एखाद्या सत्कारात दुसऱ्याच्या खांद्यावर चढते, नारळाच्या वड्या होतात आणि गुच्छ तिसऱ्या दिवशी घंटागाडीत जातो. चौतीस वर्षं मी हेच बघत आले. माझा गुच्छ मात्र मी दहा दिवस जगवला. एप्रिल संपत आलेला, खामगावचं ऊन, दुपारी नळाचं पाणीसुद्धा चटका देणारं. अशा दिवसांत गुलाब आणि जरबेरा दहा दिवस ताजे ठेवणं म्हणजे काही खायचं काम नाही. ते मी केलं, कारण तो गुच्छ तिने दिला होता.

ती म्हणजे माझी मैत्रीण. शेजारच्या वर्गावरची शिक्षिका, बसमधली सोबतीण. पिंपळगाव राजाच्या पुढे एका खेड्यात आमची जिल्हा परिषदेची शाळा. बावीस वर्षं आम्ही दोघींनी खामगावहून तिथे ये-जा केली. ती माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. शाळेत मला 'मॅडम' म्हणायची आणि बसमध्ये बसलं की 'ताई'. खिडकीची जागा माझी, डब्यातलं ठेचा-भाकरीचं निम्मं तिचं. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिने दोन महिने तिची तिसरी आणि माझी चौथी एकाच वर्गात बसवून शिकवली आणि कुणापाशी चकार शब्द काढला नाही. हे आधीच लिहून ठेवते. पुढे जे सांगायचं आहे त्याने हे खोटं ठरत नाही, आणि म्हणूनच माझा राग उतरत नाही.

फुलं टिकवायचा नाद मला शाळेतच लागला. टेबलावर स्टीलच्या पेल्यात सोमवारी फूल ठेवायचं आणि ते शनिवारपर्यंत मान खाली घालता कामा नये, अशी माझी जिद्द. दरवर्षी चौथीच्या पोरींकडून, पोरांकडून मी चार पेल्यांचा प्रयोग करून घ्यायची. एका पेल्यातलं पाणी रोज बदलायचं. दुसऱ्यातलं बदलायचंच नाही. तिसऱ्यातल्या फुलाचा देठ सरळ कापायचा, तिरका नाही. चौथा पेला पिकलेल्या आंब्यांच्या टोपलीशेजारी ठेवायचा. रोज सकाळी काय दिसलं ते वहीत लिहायचं. सगळ्यात आधी चौथ्या पेल्यातलं फूल जायचं. दुसऱ्या दिवशीच पाकळ्या खाली. पिकत्या फळातून एक वायू निघतो आणि तो फुलाला लवकर म्हातारं करतो, असं मी समजावून सांगायची. एका वर्षी एक पोरगी उठून म्हणाली, "म्हंजे आंबा फुलालेबी पिकवते, मॅडम." मी तिला वर्गासमोर शाबासकी दिली.

मैत्रिणीला यात काडीचा रस नव्हता. माझ्या खिडकीतून डोकावून म्हणायची, "मॅडम, भरली का फुलायची शाळा?" आणि हसत निघून जायची. तिचा जीव कागदांत. रजेचा अर्ज असो की बदलीचा, आमच्या केंद्रातल्या सगळ्या शाळांचे शिक्षक तिच्याकडून लिहून घ्यायचे. अक्षर मोत्यासारखं, भाषा अशी की साहेबाने नकार द्यायला धजू नये.

आता खुर्चीबद्दल सांगते. माझे वडील एका शाळेत शिपाई होते. रोज सकाळी हेडमास्तरांची खुर्ची फडक्याने पुसायची, मागे सरकवून ठेवायची. आयुष्यात एकदाही ते तीवर टेकले नाहीत. मी डी.एड.ला लागले तेव्हा ते एवढंच म्हणाले होते की एक दिवस तू त्या खुर्चीवर बस, मी पुसून देईन. वडील गेले. मी चौतीस वर्षं सहायक शिक्षिकाच राहिले. कधी यादी निघाली नाही, कधी निघाली ती कोर्टात अडकली. खुर्चीची ही गोष्ट मी नवऱ्यालासुद्धा धड सांगितली नव्हती. तिला सांगितली होती, एकदा बस बंद पडून दोघी रस्त्याच्या कडेला बाभळीखाली बसलो होतो तेव्हा.

गेल्या दिवाळीच्या सुमारास मुख्याध्यापकपदाच्या बढतीची यादी निघाली. माझं नाव होतं. माझ्या खाली लगेच तिचं. ती तिच्या कुठल्याशा कामाने पंचायत समितीत गेली होती. दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसल्या बसल्या तिने विषय काढला.

"ताई, रिकाम्या जागा पाहून आली मी. सगळ्या जळगाव जामोदच्या तिकडं हायेत, पार सातपुड्याच्या पायथ्याले. तुमचा गुडघा असा. दोन-दोन बस बदला लागतीन. सहा महिन्यांसाठी कायले जाऊन राह्यल्या?"

"आन् तू?"

"मीबी नकार देऊन राह्यली. तुमी नाई त मी एकटी तिकडं काय करू? दोघी संगच देऊ."

बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल, पण आमच्यात बढतीला लेखी नकार देणं ही नेहमीची गोष्ट आहे. घरापासून लांब पडेल, सासू-सासऱ्यांचं कोण करील, पोरांची शाळा आहे, अशी कारणं लिहून लोक हातातली खुर्ची सोडतात आणि मग यादीतल्या खालच्या माणसाला ती मिळते. तिने मांडीवर पर्स ठेवून त्यावर दोन अर्ज लिहिले, एक माझा आणि एक तिचा. बस हलत होती तरी अक्षर जागचं हललं नाही. मी सही केली, ती मात्र वाकडी आली. जागांची यादी मी स्वतः पाहिली नाही. उत्तरपत्रिका पुन्हा वाचल्याशिवाय देऊ नका, असं पोरांना जन्मभर सांगणारी मी बाई! दोन्ही अर्ज तिने पर्समध्ये टाकले आणि मी देऊन येते म्हणाली.

वाईट वाटलंच. पण तिनेही सोडलं या विचाराने मला बरं वाटलं, हे कबूल करते. एकीने सोडलं तर नुकसान, दोघींनी सोडलं तर ती मैत्री, असं काहीतरी वेडं माझ्या डोक्यात होतं.

तीस एप्रिलला माझा निरोप समारंभ होता. तिने भाषण करायचं ठरलेलं. कार्यक्रम दहाला, सकाळची शाळा सुटायच्या आधी. साडेदहा झाले, अकरा झाले, ती नाही. आमचे मुख्याध्यापक गुरुजी वेळ काढण्यासाठी माझ्याबद्दल नसलेल्या गोष्टीसुद्धा सांगू लागले. साडेअकराला ती घामाघूम होऊन आली. हातात गुच्छ, डोळ्यांत पाणी. "ताई, पंचायत समितीत अर्जंट बोलावलं होतं," एवढं कानात म्हणाली. दोन वाक्यांचं भाषण केलं, ते रडण्यातच गेलं. मीही रडले. इतर शिक्षक एकमेकांकडे बघत होते. मला वाटलं, त्यांनाही भरून आलंय.

गुच्छ हातात घेतला तेव्हा माझ्या बोटांना काहीतरी कळलं होतं. लाल गुलाबांच्या माना सैल पडलेल्या, देठांची टोकं तपकिरी, कोरडी. हा आत्ता बांधलेला गुच्छ नव्हे. उन्हात बराच फिरलेला, एका हातातून दुसऱ्या हातात गेलेला. पण मन काय कमी लबाड असतं? मी स्वतःची समजूत घातली की बिचारीने सकाळी दुकान उघडताच घेतला असेल आणि माझ्यासाठी एवढ्या उन्हात सांभाळत फिरली असेल. मला ती आणखीच जवळची वाटली.

अक्षय्य तृतीया, म्हणजे आमची आखाजी, नऊ दिवसांवर आली होती. निघताना ती म्हणाली, "ताई, आखाजी होऊ द्या. दुसऱ्या दिवशी घरी येतो मी. निवांत बसू."

"ये. तुह्यी फुलं तोवर ताजी ठेवतो मी," मी म्हणाले.

त्याच संध्याकाळी शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून मला काढून टाकलं. निवृत्त माणसाला काढतात, तसा रिवाजच आहे. तरी निदान दुसरा दिवस उजाडू द्यायचा!

घरी आल्याबरोबर मी गुच्छ सोडला. चंदेरी कागद, गुलाबी जाळी आणि रिबीन नीट घडी करून कपाटावर ठेवली. ती आली की पुन्हा तस्साच बांधायचा, असं मनात होतं. सहा गुलाब, चार पिवळे जरबेरा, शेवंतीच्या तीन काड्या आणि निशिगंधाची एक. गुलाब बादलीभर गार पाण्यात मानेपर्यंत तासभर बुडवून ठेवले. जरबेराच्या माना लगेच लोंबतात, म्हणून त्यांना वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून उभं केलं. नवीन ब्लेड घेऊन प्रत्येक देठ पाण्याच्या आतच तिरका कापला. हवेत कापला तर देठाच्या नळीत हवा शिरते आणि मग पाणी चढत नाही. खालची पानं काढली, कारण पाण्यात बुडालेलं पान आधी सडतं आणि सगळं पाणी नासवतं. काचेची बरणी राखेने घासली, माठातलं पाणी घातलं, चमचाभर साखर आणि लिंबाचे चार थेंब टाकले. बरणी बैठकीच्या कोपऱ्यात ठेवली, कूलरचा झोत थेट लागणार नाही पण गारवा पोचेल अशी.

संध्याकाळपर्यंत गुलाबांनी माना वर केल्या. मला इतका आनंद झाला की मी तिला फोटो पाठवला. तिने हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

मग रोजचं सुरू झालं. सकाळी उठल्याबरोबर पाणी बदलायचं, बोटभर देठ कापायचा, बरणी घासायची. निवृत्तीनंतरचा माझा पहिला आठवडा असा फुलांच्या नोकरीत गेला. नवरा म्हणायचा, "रिटायर झाली का बदली झाली तुह्यी?"

आखाजीसाठी त्याने कच्चे आंबे आणले आणि बैठकीतल्या दिवाणाखाली तणसात पिकायला घालून त्यांची आढी लावली. चौथ्या दिवशी मला वास आला. मी बसल्या जागी ओरडले.

"ही आढी आधी इथून हलवा."

"अवं, आंबे काय चावते का फुलाले?"

"हाव, चावते. मागच्या खोलीत न्या."

कुरकुरत त्याने सगळे आंबे मागच्या खोलीत नेले. मी मधलं दारसुद्धा लावून घेतलं.

सहाव्या दिवशी दोन जरबेरा गेले, सातव्याला एक गुलाब. बाकीच्यांना मी धरून ठेवलं. आठव्या दिवशी निशिगंधाची वरची कळी उमलली आणि घर त्या वासाने भरून गेलं. मैत्रिणीचा फोन मात्र नाही. मी केला तर "पाव्हणे हायेत ताई, येतोच ना मी" म्हणून ठेवला.

आखाजीला आमरस झाला, पितरांचं पान झालं. दुपारी मी गुच्छ बांधायची तयारी म्हणून कपाटावरून कागद काढले. जाळी उलगडली. चंदेरी कागद आणि जाळी यांच्यामध्ये रिबिनीच्या डिंकाला एक छोटं कार्ड चिकटलं होतं. शुभेच्छा लिहिल्या असतील म्हणून मी चष्मा शोधला, हसतच.

कार्डावर लिहिलं होतं, 'आमच्या शाळेच्या नूतन मुख्याध्यापिका मॅडम यांचे हार्दिक स्वागत. शाळा व्यवस्थापन समिती.' खाली गावाचं नाव. आमच्या गावाच्या दोन थांबे अलीकडचं गाव. तीच बस, तोच रस्ता. उलट माझ्या गुडघ्याला दोन थांब्यांचे खड्डे कमीच लागले असते.

दुकानदाराची चूक असेल, असं मी पहिल्यांदा म्हटलं. खरंच म्हटलं. मग गुरुजींना फोन लावला. कार्डावरचं वाचून दाखवलं.

"मॅडम, तुमाले माहीत नव्हतं?"

"काय?"

"त्यायची ऑर्डर त दहा तारखेलेच आली होती. तीस तारखेपर्यंत त्यायनं मुदत मांगून घेतली. त्या दिवशी सकाळी तिकडं रुजू झाल्या आन् मंग आपल्या कार्यक्रमाले आल्या. 'मॅडमले मीच सांगतो, तुमी कोणी बोलू नका' म्हणे. आमाले वाटलं, सांगतलं असन."

"ती जागा कधीपासून रिकामी होती, गुरुजी?"

"दिवाळीच्या आधीपासून. यादीत पैलीच जागा होती ते."

मी फोन ठेवला. नकार फक्त माझाच पोचला होता. तिचा अर्ज कदाचित अजून त्या पर्समध्येच असेल. वीस दिवस तिने ऑर्डर पर्समध्ये घालून माझ्या शेजारी बसून प्रवास केला, माझ्या डब्यातलं खाल्लं, माझ्या निवृत्तीच्या साडीचा रंग निवडून दिला. सगळ्या शाळेला माहीत होतं. त्या कार्यक्रमात एकटी मीच खुळ्यासारखी रडत होते. तिने माझा केसाने गळा कापला, असं मी मोठ्याने म्हणाले. नवरा दारात येऊन उभा राहिला आणि परत गेला.

फुलं फेकायला मी दोनदा उठले. फेकली नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी रोजच्यासारखं पाणी बदललं, देठ कापले. एक पाकळी वाकली होती ती काढून टाकली. दहा दिवस ताजी ठेवतो म्हणाले होते ना? मग ठेवणारच. खोटं बोलणाऱ्यांत माझं नाव नको होतं.

ती अकरा वाजता आली, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन. दारातूनच म्हणाली, "अगं माय! अजून जितीच हायेत का हे?" मग तिचं लक्ष बरणीला टेकवून ठेवलेल्या कार्डाकडे गेलं. पुडा तिच्या हातातच राहिला.

"कोण सांगतलं?"

"तुह्या गुच्छानं."

ती बसली. रडेल असं वाटलं होतं, पण रडली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"ताई, आज सांगाचंच होतं मले. पेढे त्याचेच हायेत." मग पुडा माझ्याकडे सरकवत, "तुमाले किती दिवस भेटले असते? तुमी ते जागा घेतली असती त मी राह्यली असती. बाकीच्या जागा खरंच सातपुड्याकडं होत्या. पुढची यादी कधी निघीन, काय भरोसा? मले अजून सहा वर्षं हायेत."

"हे मले दिवाळीले सांगतलं असतं त मी सोताहून नकार देल्ला असता."

"नसता देल्ला, ताई. मले खुर्चीचं माहीत हाये ना."

तिने हे शांतपणे म्हटलं. मी दिला असता की नसता, हे मला आजही ठरवता येत नाही. ठरवायची वेळच तिने माझ्यावर येऊ दिली नाही. आणि बाभळीखाली विश्वासाने सांगितलेली ती एकच गोष्ट तिने माझ्याविरुद्ध वापरली, ते मला सगळ्यात जास्त झोंबलं.

"आन् गुच्छ?" मी विचारलं.

"घाई झाली होती, ताई. दुसरा घ्याले टाइम कुठं होता? रिकाम्या हातानं कशी येऊ तुमच्या निरोपाले?"

म्हणजे मी दहा दिवस तिच्या स्वागताची फुलं जगवत होते.

मी चहा केला नाही. आमच्या घरी बावीस वर्षांत ती चहाशिवाय पहिल्यांदाच बसली. मी बरणीतून फुलं काढली, देठ पुसले आणि ठरवलं होतं तसाच गुच्छ बांधला. जाळी, चंदेरी कागद, रिबीन. कार्ड आत खोचलं, नीट दिसेल असं. आणि तिच्या हातात दिला.

"तुह्या शाळेनं देल्ला हाये. तुह्यापाशीच पाहिजे."

तिने तो घेतला. आता मात्र तिचे डोळे भरले. तिला बहुतेक वाटलं की मी माफ केलं. जिन्याच्या तोंडाशी ती थांबली आणि गुच्छाकडे बघत म्हणाली, "कशी ठेवली ताई तुमी इतके दिवस! आता मी कुठं ठेवू यायले? अजून चार दिवस त टिकतीन ना?"

"आंबे पिकत घातले का तुह्या घरी?"

"हाव. मधल्या खोलीत आढी हाये."

"त मंग आढीजवळच ठेव. अगदी चिटकून. तिथं गारवा राह्यते."

"बरं, ताई."

ऊन लागू नये म्हणून गुच्छावर पदर धरून ती हळूहळू जिना उतरली. मी कठड्याशी उभी होते. चौतीस वर्षांत जाणूनबुजून चुकीचं असं मी त्या दिवशी पहिल्यांदाच कुणाला शिकवलं. असं काऊन, म्हणून तिने विचारलंही नाही. माझ्या शब्दावर तिचा पूर्ण विश्वास होता.